आवाज येतो, चित्र नाही: दुरुस्तीत नेमके काय अवघड झाले आहे

पारोळा तालुक्यातील एका शिक्षिका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्याकडील ४३ इंची एलईडी टीव्ही चार वर्षेही न चालता बंद पडला. आवाज येतो, पण चित्र दिसत नाही. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने पॅनेल गेल्याचे सांगून नवाच टीव्ही घेण्याचा सल्ला दिला. त्यांच्या वडिलांचा जुना डबा टीव्ही मात्र गल्लीतला मेकॅनिक प्रत्येक वेळी नीट करून द्यायचा. मग आताच्याच वस्तू दुरुस्त का होत नाहीत, कंपन्या हे मुद्दाम करतात का, आणि हा टीव्ही भंगारात द्यावा का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण भंगारवाला दारावर रोज येतो आणि एकदा दिलेली वस्तू परत मिळत नाही. ताई, तो टीव्ही अजून देऊ नका. एक तपासणी घरीच करता येते. रात्री खोलीतील दिवे मालवून टीव्ही सुरू करावा आणि आवाज आला की मोबाईलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, किंचित तिरपा धरून पाहावे. त्या उजेडात मालिकेतील माणसे पुसटशी हलताना दिसली, तर काच चित्र तयार करीत आहे. तिच्या मागचा प्रकाश तेवढा बंद पडला आहे. आपण लिहिलेली लक्षणे पाहता मला हीच शक्यता अधिक वाटते. टीव्ही पूर्ण बंद पडण्यापूर्वी काही दिवस चित्र क्षणभर उमटून लगेच काळे होत असेल, तर शंका जवळजवळ उरत नाही.

या प्रकाशाची रचना पाहिली की आपल्या बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरे सापडू लागतात. काचेमागे प्रकाश सारखा पसरविणारे पांढरे पातळ थर असतात आणि त्यांच्याही मागे, पत्र्याच्या तळाला चिकटवलेल्या, लांब अरुंद पट्ट्या असतात. दुकानात त्यांना स्ट्रिप म्हणतात. प्रत्येक स्ट्रिपवर ठरावीक अंतराने पारदर्शक भिंगे असून एकेका भिंगाखाली एकेक एलईडी असतो. तो मॉडेलप्रमाणे ३ किंवा ६ व्होल्टचा असतो आणि असे अनेक एलईडी एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले असतात. त्यांपैकी एक जळून उघडा पडला की साखळी तुटते, एलईडींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर आयसीच्या, म्हणजे चिपच्या, ते लक्षात येते आणि ती सगळाच प्रकाश बंद करते. म्हणजे काही रुपयांच्या एका एलईडीमुळे वीस-पंचवीस हजारांचा टीव्ही अंधारात जातो.

स्ट्रिपचा संच बाजारात काही शे रुपयांत मिळतो. मोठ्या किंवा कमी खपाच्या मॉडेलचा हजार-दोन हजारांपर्यंत जातो. खरे काम तिथपर्यंत पोहोचण्याचे आहे. मागचे झाकण, बोर्ड आणि कडेची चौकट काढल्यावर सुमारे तीन फूट रुंद आणि जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची काच उचलावी लागते. तिच्या कडेला केसासारख्या बारीक वाहिन्या असलेल्या लवचीक फिती चिकटवलेल्या असतात आणि त्या फितींवरच चित्र रेखणाऱ्या आयसी बसवलेल्या असतात. फीत जराशी मुडपली की पडद्यावर कायमची उभी रेघ येते. काच एका कोपऱ्यातून जास्त उचलली गेली की तडकते आणि मग खरोखरच पॅनेल जाते. म्हणून हे काम दोन माणसांनी, मोकळ्या टेबलावर, रबरी व्हॅक्यूम कप लावून करायचे असते. ज्या मेकॅनिकची जागा चार फूट बाय सहा फूट आहे, तो हे काम घेत नाही, आणि त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. काच फुटली तर त्याची महिन्याची कमाई जाते.

एक बाब आपण मेकॅनिकला आवर्जून सांगावी. जळालेला एकच एलईडी बदलणे किंवा त्याला तारेने बायपास करणे स्वस्त पडते. परंतु बाकीचे एलईडीही तेवढेच तास तापलेले असतात आणि काही महिन्यांत दुसरा जातो. सगळ्या स्ट्रिप एकदम बदलाव्यात आणि ड्रायव्हरचा करंट ठरविणारा रेझिस्टर बदलून करंट थोडा कमी करून घ्यावा. पडदा किंचित कमी उजळ दिसेल, टिकेल मात्र पुष्कळ जास्त.

आता सर्व्हिस सेंटरच्या माणसाविषयी. तो खोटे बोलला असे मला वाटत नाही. बहुतेक कंपन्यांच्या सुट्या भागांच्या यादीत काच, पांढरे थर, स्ट्रिप आणि चौकट मिळून एकच वस्तू असते आणि तिचे नाव पॅनेल. त्या पॅनेलची किंमत टीव्हीच्या किमतीच्या अर्ध्याहून बरीच जास्त असते. घरी येणाऱ्या त्या तरुणाकडे सोल्डरिंग आयर्न नसते, मीटर असला तरी तो लावायला वेळ नसतो. दिवसाच्या तक्रारी बंद करायच्या असतात. त्याच्या यादीप्रमाणे पॅनेलच गेलेले असते.

कंपन्या मुद्दाम करतात का, याचे सरसकट उत्तर देता येत नाही. काही बाबतींत हेतू उघड झालेला आहे. जुन्या आयफोनची गती बॅटरीच्या स्थितीनुसार कमी केली जात असल्याचे ॲपलने २०१७च्या डिसेंबरात मान्य केले आणि ग्राहकांना ते न सांगितल्याबद्दल २०२०मध्ये फ्रान्समध्ये २.५ कोटी युरोचा दंड भरला. परंतु माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक वस्तूंमध्ये मला कटापेक्षा काटकसर दिसते. स्क्रूपेक्षा डिंक स्वस्त पडतो, दहा सुट्या भागांपेक्षा एक आयसी स्वस्त पडते, आणि कारखान्यात जोडणीचे जे दहा सेकंद वाचतात, त्यांची किंमत तीन वर्षांनी मेकॅनिक आणि ग्राहक मिळून मोजतात. उघडण्याची सोय कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही.

माझे खरे म्हणणे यापुढे आहे. दुरुस्ती अवघड झाली असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे सोल्डरिंग येते. पण जळालेला भाग काढून नवा बसविणे हे कामातले सोपे अंग आहे. कोणता भाग गेला आहे हे शोधणे हे खरे काम आहे, आणि आजच्या वस्तूंमध्ये महाग झाले आहे ते हे शोधणे. आपल्या वडिलांच्या टीव्हीत पुष्कळदा मागच्या झाकणाच्या आत किंवा सोबतच्या पुस्तिकेत पूर्ण सर्किट छापलेले असायचे, कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट मिळाले पाहिजेत तेही लिहिलेले असायचे. मेकॅनिक मीटर लावी, आकडा जुळवी आणि जिथे जुळणार नाही तिथे थांबे. आता तो कागद मिळत नाही. काही बोर्डांवरील आयसींचे क्रमांकसुद्धा घासून टाकलेले असतात. टीव्हीचे सॉफ्टवेअर ज्या मेमरी आयसीत असते ती बिघडली, तर त्याच मॉडेलची, त्याच पॅनेलला जुळणारी फाईल शोधावी लागते. चुकीची टाकली की चित्र उलटे येते किंवा रंग फाटतात.

आपल्याच भागातले एक उदाहरण देतो. जळालेल्या पाणबुडी मोटारीचे रिवाइंडिंग खानदेशात आजही जोरात चालते; चोपडा, यावल, रावेरच्या केळीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे नंबर लावावा लागतो. तो धंदा टिकला याचे कारण लोकांची काटकसरी वृत्ती एवढेच नाही. मोटार कितीही जळालेली असली तरी तिच्या खाचेतून तार काढून वेढे मोजता येतात, तारेचा गेज मोजता येतो, जोडणी कागदावर उतरवून घेता येते आणि नवी तार बाजारात किलोवर मिळते. बिघडलेली मोटार स्वतःची माहिती स्वतःच देते. जळालेला प्रोसेसर ती देत नाही, आणि त्यातला प्रोग्राम तर मुळीच नाही. ज्या वस्तूची माहिती मिळते तिची दुरुस्ती टिकते, आणि नेमकी ही माहितीच ग्राहकाला विकलेल्या वस्तूतून काढून घेतलेली आहे.

याचा हिशेब दुकानात रोज चुकतो. समजा, एका टीव्हीचा सप्लाय बोर्ड, म्हणजे वीज पुरवणारा बोर्ड, बंद आहे. दोन तास शोधल्यावर एक छोटा कपॅसिटर (वीज साठविणारा भाग) सापडतो, ज्याची किंमत दहा रुपये आहे. ग्राहकाला सहाशे रुपये सांगितले की तो त्या कपॅसिटरकडे पाहतो. दोष सापडला नाही आणि तपासणीचे दोनशे मागितले, तर त्याहून अवघड होते: "भाऊ, नुस्ता दखाना पैसा?" डॉक्टरांना नुसते पाहण्याचे पैसे आपण देतो, मेकॅनिकला देण्याची रीत आपल्याकडे पडली नाही. परिणामी, मेकॅनिकही शोधत बसत नाही. तो सगळा बोर्ड बदलतो आणि आपली मजुरी बोर्डाच्या किमतीत मिसळतो, किंवा सरळ कोणत्याही टीव्हीला चालणारा युनिव्हर्सल बोर्ड टाकून स्मार्ट टीव्हीचा साधा टीव्ही करून देतो. ग्राहकाला बिल मोठे दिसते, त्याचा विश्वास उडतो, पुढच्या वेळी तो हप्त्यावर नवी वस्तू घेतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले दुकानात टिकत नाहीत, त्याचेही कारण माझ्या मते हेच आहे: ज्या कौशल्यासाठी ती शिकली त्याची मजुरी वेगळी लावता येत नाही.

वस्तू लवकर बंद पडण्यात मात्र कंपनीइतकाच आपल्या भागातील वीज आणि उष्णता यांचाही हात आहे, आणि हे खानदेशाबाहेर बसून वस्तू तयार करणाऱ्यांच्या हिशेबात फारसे नसते. सर्वांत जास्त नुकसान न्यूट्रल तुटल्याने होते. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट मिळतात. वादळात किंवा सैल जोडणीमुळे न्यूट्रल तुटला, की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात आणि त्यांच्यात सुमारे ४०० व्होल्ट वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त. म्हणजे ज्याने काटकसरीने फक्त टीव्ही लावला आहे, त्याचाच टीव्ही आधी जातो.

२३० व्होल्ट एसी डीसीत रूपांतरित झाल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होतात, म्हणून सप्लायमधला मोठा कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा ठेवलेला असतो. आत ४०० व्होल्ट एसी आले, की तिथे ५६० व्होल्टच्या वर डीसी पोहोचते. कपॅसिटर फुगून फुटतो, मागोमाग मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) आणि सप्लाय आयसी जाते. वीज बोर्डात शिरते त्या दारातच एमओव्ही नावाची एक निळी किंवा पिवळी चकती बसवलेली असली, तर ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि पुढचे सगळे वाचते. अशा वेळी काम अर्ध्या तासाचे असते: चकती आणि फ्यूज बदलले की टीव्ही सुरू. पुष्कळ स्वस्त बोर्डांवर त्या चकतीची जागा छापलेली असते, नाव लिहिलेले असते, दोन छिद्रेही असतात, चकती मात्र बसवलेली नसते. ती रिकामी जागा मी ग्राहकाला मुद्दाम दाखवतो, आणि दुरुस्तीनंतर तिथे चकती बसवूनच टीव्ही परत देतो.

उष्णतेचे काम संथ असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हे कपॅसिटर तयार करणारेच सांगतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात. पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला चिकटवलेल्या किंवा शोकेसच्या खणात कोंबलेल्या टीव्हीच्या पाठीमागे किती होत असेल याचा अंदाज करावा. जुन्या धाब्याच्या घरात ही अडचण कमी होती. माती ऊन आत येऊ देत नसे. त्यात कारखान्यातून निघालेल्या टीव्हीचा बॅकलाइट बहुधा दुकानात झगमगीत दिसावा म्हणून चढवून ठेवलेला असतो आणि घरी तो कोणी उतरवत नाही. आपल्या टीव्हीचा तो एलईडी बहुधा असाच गेला असावा.

वॉशिंग मशीनच्या बोर्डाविषयी न लिहिणे अन्यायाचे होईल. हल्ली हे बोर्ड पारदर्शक किंवा दुधी रंगाच्या लगद्यात पूर्ण बुडवलेले असतात. वीज चालू-बंद करणारी एक ट्रायॅक किंवा रिले गेली तरी तिच्यापर्यंत मीटरचे टोक पोहोचत नाही. हा लगदा दुरुस्ती अडविण्यासाठीच घालतात असा समज आहे. तो मला अर्धाच पटतो. मशीन मोरीजवळ असते, दमट हवा, झुरळे आणि पाली आत शिरतात. बोर्डावर मेलेल्या पालीने शॉर्ट झालेले सप्लाय मी पुष्कळ पाहिले आहेत. लगद्याने ते थांबते. परंतु निदान सर्वांत आधी जाणारे भाग लगद्याबाहेर ठेवता आले असते. लगदा मऊ असेल, तर गरम हवेने ढिला करून, लाकडी काडीने खरवडून भाग बदलता येतो. कडक रेझिन असेल, तर बोर्डच बदलावा लागतो. विहिरीवरचा पंप मोबाईलवरून सुरू-बंद करणाऱ्या मोबाईल ऑटोचीही हीच गत आहे. जुन्या तेलाच्या स्टार्टरचे पॉइंट शेतकरी बांधावर बसून घासून घ्यायचा. ऑटोचे काळे, ओतीव ठोकळ्यासारखे बोर्ड घेऊन त्याला तालुक्याला यावे लागते आणि बहुधा नवे घेऊनच जावे लागते.

मोबाईलविषयी थोडक्यात. चार्जिंग जॅक, बॅटरी आणि डिस्प्ले ही कामे जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये उभ्या उभ्या होतात, कारण त्यांचे सुटे भाग मुबलक मिळतात. अडचण तिथे येते जिथे भागाची ओळख सॉफ्टवेअरने मूळ फोनशी बांधलेली असते. मग अस्सल भाग लावला तरी फोन सूचना दाखवत राहतो किंवा एखादी सोय बंद करतो. फुगलेली बॅटरी मात्र कोणी घरी टोकदार वस्तूने उचकटू नये. लिथियम बॅटरीला छिद्र पडले तर ती पेटते.

कायद्याच्या बाजूने काही हालचाल झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यावर शेती अवजारे, मोबाईल व इतर इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने या क्षेत्रांतील कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एकत्र द्यावी अशी कल्पना आहे. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक ठरविण्यासाठी २०२४च्या सप्टेंबरात समिती नेमली गेली आणि तिने २०२५च्या मे महिन्यात अहवाल दिला. त्यात मोबाईल आणि टॅबलेटपासून सुरुवात करण्याचा विचार आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून टीव्ही, वॉशिंग मशीन, मोबाईल, लॅपटॉप अशा वस्तूंवर दहापैकी गुण छापले जाऊ लागले आणि ते देताना दुरुस्तीची कागदपत्रे व सुट्या भागांची किंमतही मोजली जाऊ लागली. माझ्या दृष्टीने यांतील कागदपत्रांचे गुण सर्वांत महत्त्वाचे आहेत. पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि वॉरंटीच्या अटी असून पारोळ्याच्या मेकॅनिकचे काम होत नाही; त्याला सर्किट, व्होल्टेजचे तक्ते आणि सॉफ्टवेअरची फाईल हवी आहे.

१ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्वापरासाठीची जबाबदारी टाकली आहे, ते योग्यच आहे. तरीही गावातल्या टीव्हीचा पहिला मुक्काम भंगाराच्या गाड्यावरच असतो आणि तिथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात. या बाबतीत एक उपयुक्त सवय लावता येईल: काच फुटलेला टीव्ही भंगारात देण्यापूर्वी मेकॅनिकला विचारावे. त्याचे बोर्ड चांगले असतात आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टीव्हीला जीवदान देतात. आमच्याकडचे निम्मे अवघड काम अशा फुटक्या टीव्हींच्या बोर्डांवरच चालते. कंपनीकडून न मिळणारी माहितीसुद्धा चालू बोर्ड शेजारी ठेवून, दोन्हींवर मीटर लावूनच आम्हाला मिळते.

आपल्या टीव्हीसाठी आता एवढे करावे. टॉर्चची तपासणी झाली आणि पुसट चित्र दिसले, तर अमळनेर, धुळे किंवा जळगावला पॅनेल उघडण्याचे काम नियमित करणाऱ्याकडेच तो न्यावा. टीव्ही उभा ठेवून न्यावा, गाडीत आडवा टाकू नये. तपासणीची मजुरी किती हे आधी विचारावे आणि दोष सापडो वा न सापडो, ती देण्याची तयारी सांगावी. तेवढ्या एका वाक्याने मेकॅनिकची काम करण्याची पद्धत बदलते. काच फुटल्यास जबाबदारी कोणाची, हे तोंडी का होईना, पण उघडण्यापूर्वी ठरवावे. काढलेल्या जुन्या स्ट्रिप परत मागाव्यात. एकूण खर्च नव्या टीव्हीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत येत असेल, तर दुरुस्ती करावी. निम्म्याच्या वर जात असेल आणि त्यात मदरबोर्डही गेलेला असेल, तर मीही आपल्याला नवा घेण्यास सांगेन आणि जुना बोर्डांसाठी मेकॅनिकला विकण्यास सांगेन.

टीव्ही घरी आल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट पन्नास-साठपर्यंत उतरवावा, पाठ भिंतीपासून चार बोटे तरी दूर ठेवावी आणि जास्त व्होल्टेज आल्यास पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर लावावा. दुकानदार व्होल्टेज वाढविणारा देऊ लागला, तर त्यात हाय कट, म्हणजे जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडण्याची सोय, आहे का, एवढे विचारून घ्यावे.